डेट २० ऑगस्ट, ऑफिस शिरोलीत: बाळंतपणाची रजा नेमकी कधीपासून टाकावी?

सोनचाफा_फुलेवाडी

पहिलीच वेळ आहे. डॉक्टरांनी २० ऑगस्टची तारीख दिलीय, आता सव्विसावा आठवडा पूर्ण झालाय. कोल्हापूरजवळ शिरोली एमआयडीसीत एका कारखान्याच्या अकाउंट्समध्ये आहे. काम बैठं, आठवड्याला सहा दिवस, पगार महिन्याला ३४,००० म्हणून ईएसआय (कामगार राज्य विमा) कापत नाहीत. नोकरीला तीन वर्षं झालीत. राहायला फुलेवाडीत, दवाखाना राजारामपुरीत, माहेर कळ्याला. आतापर्यंत सगळे रिपोर्ट नॉर्मल आहेत.

तिघं तीन गोष्टी सांगतात. सासूबाई म्हणतात, सातव्यात ओटी भरली की घरी बस आणि माहेरी जा. एचआर म्हणतं, तारखेच्या आठ आठवडे आधी रजा सुरू करावीच लागते, नियमच आहे. ऑफिसातल्या सीनियर मॅडम म्हणतात, कळा येईपर्यंत ये, म्हणजे सगळी रजा बाळासोबत मिळेल. मला बाळ सहा महिन्यांचं होईपर्यंत शक्य तितकं घरी राहायचंय. शिल्लक पीएल (साठलेली पगारी रजा) १४ आहेत. कोणती तारीख धरावी, आणि कशावरून?

---

नियम_पोटनियम

ताई, आधी एचआरचं म्हणणं बाजूला काढू. आठ आठवडे ही कमाल मर्यादा आहे, सक्ती नाही. २६ आठवड्यांच्या पगारी रजेतले जास्तीत जास्त आठ आठवडे अपेक्षित तारखेच्या आधी घेता येतात, एवढंच कायदा म्हणतो. एकही आठवडा आधी न घेता २६ च्या २६ नंतर घेतले तरी चालतं. मॅटर्निटी बेनिफिट ॲक्ट १९६१ चा, २६ आठवडे झाले २०१७ च्या दुरुस्तीने. २१ नोव्हेंबर २०२५ पासून सामाजिक सुरक्षा संहिता लागू झाली, तिच्यातही हे आकडे तेच आहेत. त्यामुळे "आता कायदा बदललाय" असं कोणी सांगितलं तर घाबरू नका. (दोन मुलं हयात असताना तिसऱ्या वेळी मात्र १२ आठवडे, त्यातले आधी सहा. तुम्हाला तो प्रश्न नाही.)

सक्ती आहे ती बाळंतपणानंतरची. प्रसूतीनंतरचे सहा आठवडे मालकाने कामाला लावायचं नाही आणि बाईनेही कामावर जायचं नाही.

आता हिशेब. २६ आठवडे म्हणजे १८२ दिवस, आणि ते कॅलेंडरचे. रविवार, गणपती, दिवाळी सगळं त्यात धरलं जातं. सर्वोच्च न्यायालयाने १९७७ मध्ये बी. शाह प्रकरणात रविवारही मोजले, त्यामुळे पैसेही रविवारचे मिळतात. तुमच्या तारखेवर हे असं बसतं:

२५ जूनला सुरू (३२ आठवडे पूर्ण, म्हणजे लवकरात लवकर): रजा २३ डिसेंबरला संपते. बाळ चार महिन्यांचं.

२३ जुलैला (३६ पूर्ण): २० जानेवारीला संपते. बाळ बरोबर पाच महिन्यांचं.

६ ऑगस्टला (३८ पूर्ण): ३ फेब्रुवारीला संपते. बाळ साडेपाच महिन्यांचं.

१३ ऑगस्टला (३९ पूर्ण): १० फेब्रुवारीला संपते.

म्हणजे आधी घेतलेला प्रत्येक दिवस नंतरच्यातून वजा होतो. हे सगळ्यांना माहीत असतं. निसटतं ते पुढचं. बाळ उशिरा आलं तर शेवटची तारीख पुढे सरकत नाही. २३ जुलैला रजा टाकली आणि डिलिव्हरी २७ ऑगस्टला झाली, तरी रजा २० जानेवारीलाच संपते. तो आठवडा तुमच्याच खिशातून जातो. पहिल्या वेळी तारीख उलटून जाणं काही नवलाचं नाही, तेव्हा हे धरूनच चाला.

उलट बाळ लवकर आलं, समजा रजा ६ ऑगस्टपासून मागितलीय आणि डिलिव्हरी २८ जुलैला झाली, तर रजा त्याच दिवशी सुरू होते आणि सगळेच्या सगळे १८२ दिवस बाळासोबत मिळतात. अर्जात म्हणून एक ओळ घाला: "प्रसूती वरील तारखेपूर्वी झाल्यास प्रसूतीच्या दिवसापासून रजा सुरू समजावी." ही ओळ नसली तर मधले दिवस पीएलमध्ये किंवा बिनपगारी टाकण्याचा घोळ होतो आणि तो निस्तरायला दोन महिने जातात.

सासूबाईंच्या सल्ल्याची अडचण भावनेची नाही, तारखेची आहे. सातव्या महिन्यातली ओटी साधारण २८ ते ३१ आठवड्यांत येते. तेव्हा मॅटर्निटी लीव्ह सुरूच होऊ शकत नाही. तेव्हापासून घरी बसायचं तर पीएल, नाहीतर बिनपगारी.

---

प्रसूतिकक्ष

वरचा हिशेब बरोबर आहे, पण तो कागदावरच्या तारखेचा. २० ऑगस्ट कुठून आली ते आधी बघा. पाळीच्या तारखेवरून असेल तर शेवटची पाळी १३ नोव्हेंबरची (नऊ महिने आणि सात दिवस). तुमचं चक्र २८ दिवसांचं नसून ३५ चं असेल तर खरी तारीख आठवडाभर पुढे जाते. ११ ते १४ आठवड्यांत केलेल्या सोनोग्राफीतली तारीख सगळ्यांत भरवशाची. नंतरच्या, विशेषतः आठव्या महिन्यातल्या रिपोर्टवर जी वेगळी तारीख छापून येते ती बाळाच्या मापावरून काढलेली असते आणि दोन-तीन आठवडे इकडेतिकडे असू शकते. त्यावरून तारीख बदलायची नसते. एचआरला एकच दाखला द्या, डॉक्टरांच्या सहीचा, एका तारखेचा. सोबत सोनोग्राफीचे तीन रिपोर्ट जोडले की तीन तारखा होतात आणि मग "आठ आठवडे नक्की कुठून मोजायचे" यावर फाइल अडते.

नेमक्या तारखेला शंभरातली चार-पाचच बाळं येतात. ३७ ते ४१ हा सगळा काळ "कधीही" असा धरायचा.

आता "कळा येईपर्यंत ये" बद्दल. मला हा सल्ला सरसकट पटत नाही. बैठ्या कामाला आणि नॉर्मल रिपोर्टला ३८ आठवड्यांपर्यंत काम करायला वैद्यकीय हरकत नसते, हे खरं. पण ३६ नंतर तपासणी दर आठवड्याला असते (२८ पर्यंत महिन्याला, मग ३६ पर्यंत पंधरा दिवसांनी). झोप तुटते, पायावर सूज येते, बाळ खाली सरकल्यावर ओटीपोटात जडपणा येतो आणि तासाभरात तीनदा उठावं लागतं. अकाउंट्सच्या कामात त्याचा परिणाम चुकांवर होतो. मी ३८ धरीन. ३९ ला हरकत घेणार नाही. ४० पर्यंत ओढून मिळतात फक्त दोन आठवडे, आणि तेही थकलेल्या शरीराने बाळंतपणाला सामोरं जाऊन.

खालीलपैकी काही असेल तर मात्र ३८ विसरा, डॉक्टर सांगतील ती तारीख:

रक्तदाब १४०/९० किंवा वर. वार खाली असणं किंवा कधीही रक्तस्राव. गर्भाशयाचं तोंड आखूड असणं. बाळाची वाढ कमी. हिमोग्लोबिन ११ च्या खाली म्हणजे ॲनिमिया. त्यावर गोळ्या, गरज पडली तर इंजेक्शन देऊन काम चालू ठेवता येतं, पण ७ च्या खाली गेलं तर कामाचा विषयच संपला, आधी दवाखाना. साखरेचा त्रास असेल तर बऱ्याचदा ३८ ते ४० मध्ये कळा आणवतात, म्हणजे तुमच्या हातात तारीख असते, त्याच्या आठवडाभर आधी रजा टाका. आधीचं सिझर असून दुसरंही ठरलेलं असेल तर ते साधारण ३९ ला करतात. तिथे दोन-तीन दिवस आधीची रजाही पुरते. जुळी असतील तर डिलिव्हरी ३७-३८ च्या आसपास, वार एकच असेल तर त्याच्याही आधी धरतात. म्हणून जुळ्यांमध्ये ३२-३४ नंतर कामावर राहण्यात अर्थ नाही.

कामावर असताना या गोष्टी झाल्या तर "संध्याकाळी दाखवते" नको, तिथूनच निघायचं: पाणी जाणं, रक्त जाणं, बाळाची हालचाल नेहमीपेक्षा कमी वाटणं, डोकं ठणकणं आणि डोळ्यांपुढे अंधारी, बरगडीखाली पोटात दुखणं, चेहऱ्यावर अचानक सूज. ३७ च्या आधी तासात चार-पाच वेळा पोट कडक होत असेल तरी.

---

पूररेषा

वरच्या दोघांनी कायदा आणि शरीर सांगितलं. ताई, तुमची डेट ऑगस्टची आणि ऑफिस नदीच्या पलीकडं, हे कोणी बोललंच नाही की!

फुलेवाडी ते राजारामपुरी गावातल्या गावात. पण शिरोली म्हणजे तावडे हॉटेल ओलांडून पंचगंगेचा पूल. २०१९ आणि २०२१, दोन्ही पुरांत शिरोलीजवळ हायवेवर पाणी येऊन रस्ता काही दिवस बंद होता. ऑफिसात असताना रस्ता बंद झाला तर तुम्ही एका काठावर आणि दवाखाना दुसऱ्या काठावर. जुलैचा शेवटचा आठवडा ते ऑगस्टचा मध्य हाच धोक्याचा काळ, म्हणजे तुमचे ३६ ते ३९ आठवडे. बरोबर त्यातच बसतात.

माहेराचं त्याहून अवघड. कळ्याला जायला बालिंग्याचा पूल. पाणी वाढलं की तो वाहतुकीला बंद करतात. सासूबाई म्हणतात तसं सातव्यात माहेरी गेलात आणि ऑगस्टात पूल बंद झाला, तर राजारामपुरीचा दवाखाना नुसता फाइलवर राहील. ओटी भरायला जाऊन या, राहायला नको. आईंना जुलैच्या मध्यापासून फुलेवाडीला बोलवा. बाळंतपण झाल्यावर, पाणी उतरल्यावर माहेरी जावा खुशाल.

पंचगंगेवरच्या राजाराम बंधाऱ्याची पातळी रोज बघत चला. ३९ फूट इशारा, ४३ फूट धोका. ३९ च्या दिशेनं चढायला लागली, त्यात राधानगरी धरणाचे स्वयंचलित दरवाजे उघडल्याची बातमी आली, की त्या दिवसापासून शिरोलीला जायचं नाही. ४३ ची वाट बघत बसायचं नाही. पाणी चढतं तेव्हा रात्रीत चढतं.

आणि एक. व्हीनस कॉर्नर, शाहूपुरीच्या कुंभार गल्लीकडं पाणी येतं. फुलेवाडीतून राजारामपुरीला जाताना तो भाग टाळून कसं जायचं ते कोरड्यात एकदा गाडीतून जाऊन बघा. टू-व्हीलरवर मागं एका बाजूला बसून तर आताच बंद करा. खड्डे आहेत, आणि पोट पुढं आल्यावर तोल राहत नाही.

---

सोनचाफा_फुलेवाडी

सगळ्यांचे आभार. पुराचा विचार खरंच केला नव्हता. मग पूर येईल म्हणून २३ जुलैपासूनच रजा टाकू का? त्यात सहा महिन्यांतला बराच भाग जातो.

---

नियम_पोटनियम

नाही. शिरोलीला न जाणं आणि मॅटर्निटी लीव्ह सुरू करणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, त्या एका तारखेला बांधू नका.

तुमच्याकडे १४ पीएल आहेत. २३ जुलै ते ५ ऑगस्ट हे १४ दिवस, त्यात दोन रविवार. बारा पीएलमध्ये ते भागतात (कंपनी रजेच्या मधले रविवार पीएलमध्ये मोजते का, ते आधी विचारा, मोजत असेल तर चौदाही पुरतात). मग ६ ऑगस्टपासून मॅटर्निटी. ३६ ला घरी, आणि रजा ३ फेब्रुवारीपर्यंत. २३ जुलैपासूनच मॅटर्निटी टाकली असती त्याच्या तुलनेत चौदा दिवस वाचले.

त्याहून चांगलं म्हणजे २३ जुलैपासून दोन आठवडे घरून काम मागा. टॅली किंवा जे सॉफ्टवेअर असेल ते बाहेरून उघडत असेल तर जीएसटीचं आणि बँक जुळवणीचं काम घरून होतं. कायद्यातली घरून कामाची तरतूद रजा संपल्यानंतरसाठी आहे, तीही दोघांच्या संमतीने. त्यामुळे आधीसाठी हक्क म्हणून मागता येणार नाही, विनंती करावी लागेल. पण पुराचं कारण कोल्हापुरातल्या कुठल्याही मॅनेजरला समजावून सांगावं लागत नाही. जमलं तर पीएल तशाच शिल्लक राहतात आणि त्या फेब्रुवारीत रजेच्या शेवटी जोडता येतात: ४ फेब्रुवारीपासून १४ दिवस, म्हणजे १७ फेब्रुवारी. बाळाच्या सहा महिन्यांना तीन दिवस कमी.

अजून एक हक्क फार जणींना माहीत नसतो. तारखेच्या आधीच्या सहा आठवड्यांत आणि त्याच्याही आधीच्या एका महिन्यात, तुम्ही मागणी केलीत तर मालकाने कष्टाचं किंवा खूप वेळ उभं राहायचं काम देता येत नाही. तुमच्या बाबतीत हे साधारण ९ जूनपासून लागू होतं. त्यासाठी पगार कापता येत नाही. वर्षअखेरच्या फाइली गोदामातून काढणं, स्टॉक मोजायला शॉपफ्लोअरवर तास-तास उभं राहणं, हे तुमच्या वाट्याला येत असेल तर मेलवर मागणी करा. तोंडी नको.

आणि आजारपणाची वेगळी रजा. गरोदरपण, बाळंतपण किंवा अपुऱ्या दिवसांच्या बाळंतपणामुळे आजार झाला तर डॉक्टरांच्या दाखल्यावर २६ आठवड्यांखेरीज आणखी एक महिन्यापर्यंत पगारी रजा मिळते. उद्या ३० व्या आठवड्यात बीपी वाढून आराम सांगितला, तर मॅटर्निटी लीव्हला हात लावायच्या आधी ही वापरा. दाखल्यावर नुसतं "विश्रांतीचा सल्ला" लिहून चालत नाही, कारण गरोदरपणाशी जोडलेलं हवं: "गरोदरपणातील उच्च रक्तदाब, इतके दिवस" असं.

नोटीस लेखी द्या, जूनच्या पहिल्या आठवड्यात. त्यात अपेक्षित तारीख, रजा सुरू होण्याची तारीख, वर सांगितलेली "आधी झाल्यास" ही ओळ, तुमच्या वतीने पैसे घेणाऱ्याचं नाव, आणि रजेच्या काळात दुसरीकडे काम करणार नाही असं निवेदन. पोच घ्या किंवा मेल ठेवा. नोटीस द्यायची राहिली म्हणून हक्क जात नाही, पण मग भांडत बसावं लागतं. कायद्याने आधीच्या काळाचे पैसे गरोदरपणाचा दाखला दिल्यावर आगाऊ, आणि उरलेले प्रसूतीचा दाखला दिल्यापासून ४८ तासांत द्यायचे असतात. बहुतेक कंपन्या दरमहा पगारच चालू ठेवतात आणि बायकांनाही तेच सोयीचं पडतं. कंपनी बाळंतपणाआधीची आणि नंतरची तपासणी-सेवा फुकट देत नसेल तर ३,५०० रुपये वैद्यकीय बोनसही मागायचा. तो मागितल्याशिवाय सहसा कोणी देत नाही.

---

शिलाईहॉल_इचल

मधेच विचारते. इचलकरंजीत गारमेंट युनिटमध्ये आहे, काम पीसवर (नगावर मजुरी), उभ्यानं चेकिंग आणि कधी मशिनवर. पगार साधारण १७-१८ हजार, ईएसआय कापतात. डेट ऑगस्टच्या शेवटी. कंपनी म्हणते आमचा संबंध नाही, ईएसआयला विचारा. मलाही ३८ च चालेल का?

---

नियम_पोटनियम

कंपनी अर्धं खरं बोलतेय. २१,००० पर्यंत पगार असून ईएसआय लागू असेल तर पैसे ईएसआयसी देतं, थेट तुमच्या खात्यात, २६ आठवडे, सरासरी रोजाच्या पूर्ण दराने. पण रजा देणं, त्या काळात कामावरून न काढणं, शेवटच्या दिवसांत हलकं काम देणं, हे कंपनीकडेच राहतं.

पात्रता अशी मोजतात. ईएसआयचे वर्गणीचे दोन सहामाही काळ: १ एप्रिल ते ३० सप्टेंबर आणि १ ऑक्टोबर ते ३१ मार्च. ऑगस्टमधलं बाळंतपण जुलै-डिसेंबरच्या लाभकाळात येतं. त्यासाठी मागच्या वर्षीच्या १ एप्रिलपासून यंदाच्या ३१ मार्चपर्यंतच्या दोन काळांत मिळून किमान ७० दिवसांची वर्गणी लागते. यंदाच्या एप्रिलनंतर भरलेली वर्गणी या बाळंतपणाला मोजत नाहीत. कंपनीने मध्येच नाव कमी करून पुन्हा घातलं असेल तर ते दिवस आताच तपासा, ईएसआयसीच्या पोर्टलवर आपल्या विमा क्रमांकाने लॉगिन करून दिसतात.

दावा ऑनलाइन करता येतो. ईएसआयच्या डॉक्टरांचा गरोदरपणाचा व अपेक्षित तारखेचा दाखला लागतो, म्हणून सगळी तपासणी फक्त खासगीत करू नका, दवाखान्यात नोंद ठेवा. आधारवरचं नाव, बँकेतलं नाव आणि विमा कार्डावरचं नाव जुळवून घ्या. माहेरचं-सासरचं आडनाव इथेच अडतं. रजेच्या काळात एक दिवस जरी मजुरीवर गेल्याचं हजेरीत दिसलं तरी दावा अडकतो. "दोन तास ये, ऑर्डर निघायची आहे" म्हटलं तर नाही म्हणा.

---

प्रसूतिकक्ष

तब्येतीच्या बाजूने इचलच्या ताईंना: उभ्याच्या कामाला ३८ नको. सलग तीन-चार तासांपेक्षा जास्त उभं राहणं, जड गठ्ठे उचलणं, रात्रपाळी, यांनी दिवस भरण्याआधी बाळंतपण होण्याचा धोका थोडा वाढतो. आत्तापासूनच बसून करायचं काम मागा, दर तासाला पाच-दहा मिनिटं पाय वर. रजा ३४ ते ३६ मध्ये टाका. फौंड्रीत, भट्टीजवळ असणाऱ्या बायकांना तर मी ३२ ला, म्हणजे कायदा देतो त्या पहिल्याच दिवशी सांगते. उष्णतेत पाणी कमी पडतं, बीपी खाली येतं, चक्कर येऊन पडण्याची भीती.

---

नियम_पोटनियम

पीसवाल्यांसाठी पैशाची एक गोष्ट इथे जोडतो. ईएसआय नसलेल्या, पीसवर काम करणाऱ्या बाईची लाभाची रक्कम रजा सुरू होण्याआधीच्या तीन महिन्यांत काम केलेल्या दिवसांच्या सरासरीवर ठरते. शेवटच्या महिन्यात हात मंद झाला, नग कमी निघाले, की सरासरी खाली येते आणि तो कमी दर पुढे २६ आठवडे चिकटतो. म्हणजे जास्त दिवस काम करून हातात कमी येऊ शकतं. तिथे लवकर रजा टाकणं पैशानेही बरोबर ठरतं. महिन्याच्या ठरलेल्या पगारावर (सोनचाफाताईंसारखं) हा प्रश्न नाही. ईएसआयमध्ये सरासरी वर्गणीच्या काळावरून निघते, त्यामुळे तिथेही शेवटच्या महिन्याचा फारसा फरक पडत नाही.

उलटी अडचण नव्या नोकरीवालींची. अपेक्षित तारखेआधीच्या १२ महिन्यांत त्या मालकाकडे ८० दिवस काम झालेलं लागतं. मेच्या सुरुवातीला रुजू झालेल्या बाईने २५ जूनला रजा टाकली तर ८० भरतच नाहीत, सगळीच रजा बिनपगारी. सहा दिवसांच्या आठवड्याने, कामाचे दिवस मोजले तर ८० व्हायला ऑगस्ट उजाडतो. तिला रजेची तारीख हे ८० च ठरवून देतात. लॉकआउट नव्हे, पण ले-ऑफचे (काम नाही म्हणून मालकाने बसवलेले) दिवस आणि पगारी सुट्ट्या त्यात धरतात. मस्टर बघून मोजा, अंदाजाने नको.

कंत्राटी असाल आणि कंत्राट रजेच्या मध्येच संपत असेल तर म्हणून रजा अर्धवट तोडता येत नाही. २०२३ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने डॉ. कविता यादव प्रकरणात कंत्राटाची मुदत संपल्यावरही लाभ पूर्ण द्यायला सांगितलं आहे. दाद मागायची तर कोल्हापुरात सहायक कामगार आयुक्तांचं कार्यालय आहे. लेखी अर्ज, पगाराच्या स्लिपा आणि डॉक्टरांचा दाखला घेऊन जा.

---

झेडपी_शिक्षिका

शासकीय आणि जिल्हा परिषदेकडच्यांनी वरचे आकडे स्वतःला लावू नयेत. आपल्याला महाराष्ट्र नागरी सेवा (रजा) नियम १९८१ लागू. १८० दिवस, हयात मुलं दोनपेक्षा कमी असतील तर, आणि ती रजाखात्यातून वजा होत नाही. दिवस सलग मोजतात, म्हणजे मध्ये येणारी दिवाळीची किंवा उन्हाळी सुट्टी आतच संपते. मे महिन्यातली डेट असेल तर रजा सुट्टीच्या आधी सुरू करायची की नंतर, हे आदेश निघण्याआधी गटशिक्षणाधिकारी कार्यालयाला लेखी विचारून घ्या. एकदा आदेश निघाला की तारीख बदलून घेणं डोकेदुखी असते.

---

सोनचाफा_फुलेवाडी

मग माझं असं ठरतंय: ९ जूनपासून हलक्या कामाची मेल, २३ जुलैपासून घरून काम, नाही मिळालं तर पीएल, ६ ऑगस्टपासून मॅटर्निटी. ३६ नंतर दर आठवड्याच्या तपासणीला सुट्टी कुठून काढायची? आणि घरून काम करताना पूर आला, लाईट गेली, तर?

---

प्रसूतिकक्ष

तपासणीला सकाळची पहिली वेळ घ्या, घरूनच काम असेल तर अर्धा दिवसही लागणार नाही. रक्त-लघवी आणि बीपी दर वेळी, सोनोग्राफी सांगतील तेव्हाच. पिशवी ३६ ला भरून ठेवा, तीत फाइलच्या झेरॉक्सचा एक संच वेगळा. पुरात ठरलेल्या दवाखान्यात पोहोचता आलं नाही तर दुसऱ्या डॉक्टरांना रक्तगट, हिमोग्लोबिन आणि शेवटची सोनोग्राफी एवढं लगेच लागतं. पहिलटकरणीला कळा सुरू झाल्यापासून बहुतेक वेळा बारा तास तरी असतात, पाच-पाच मिनिटांनी येऊ लागल्या की निघायचं. पाणी गेलं तर कळांची वाट बघायची नाही. सीपीआरमध्ये (कोल्हापुरातलं सरकारी रुग्णालय) चोवीस तास बाळंतपणाची सोय आहे, तेही डोक्यात असू द्या.

---

पूररेषा

लाईटचं म्हणाल तर २०१९ ला गावातल्या बऱ्याच भागांत लाईट आणि नळाचं पाणी दोन्ही नव्हतं. नदीतून पाणी उपसणारे जॅकवेलच पुरात जातात. वीस-वीस लिटरचे चार जार, चार्ज केलेली पॉवर बँक, थोडी रोकड आणि गाडीत अर्धी टाकी पेट्रोल, हे २० जुलैपासून घरात असू दे. लॅपटॉप बंद पडला तर पडू दे, त्या दिवसाची पीएल टाका. तारीख मात्र तशीच ठेवा, ६ ऑगस्ट.

---

नियम_पोटनियम

पीएलची मेल आगाऊच करून ठेवा: "पूरस्थितीत घरून काम शक्य न झाल्यास तो दिवस पीएल धरावा." नाहीतर बारा दिवसांनी मस्टरवर गैरहजेरी दिसेल, आणि तेव्हा तुम्ही दवाखान्यात असाल.